जेंडर स्टडीज मायनर घेताय? घरात जरीकाठी साडी आहे ना?

जेंडर स्टडीज मायनर, म्हणजे पदवीचा दुय्यम विषय, म्हणून घ्यायचा विचार चाललाय? उत्तम. आधी कपाट उघडा आणि एक जरीकाठी साडी आहे का बघा. पुस्तकांचं नंतर पाहू. पुस्तकांवाचून माझं एक अख्खं सेमिस्टर निघालं, पण साडीवाचून 3 जानेवारी काही निघाली नाही. त्या दिवसाचं सांगणारच आहे, पण आत्ताच सांगायला घेतलं तर माझा तोल जाईल, आणि मला तुम्हाला शांतपणे सल्ला द्यायचाय.

तर, फॉर्म. नव्या शैक्षणिक धोरणात मेजर, मायनर, ओई, व्हीएससी, एसईसी, एईसी, आयकेएस अशी बाराखडी समोर येते आणि आपलं काय ठरलंय ते शेवटी नेट कॅफेवालाच आपल्याला सांगतो. माझं मेजर इकॉनॉमिक्स. त्याखाली मायनर बघून कॅफेवाल्या दादानं विचारलं, "ताई, चुकून क्लिक झालं का?" तुम्हालाही विचारेल. गंमत म्हणून 'हो' म्हणू नका, तो खरंच बदलून देतो.

नातेवाइकांना विषयाचं नाव सांगू नये. 'महिला व बालकल्याण' सांगावं. त्याला सरकारी नोकरीचा वास आहे, ऐकणारा गप्प बसतो. मी पहिल्या दिवशी खरं बोलले आणि आत्यानं भर जेवणात विचारलं, "त्याला स्कोप काय?" आत्या बी.एस्सी. फर्स्ट क्लास आहे. लग्नाला सव्वीस वर्षं झाली, कॉलेज रोडवरच्या फ्लॅटमध्ये स्कोप कुठे ठेवलाय ते अजून सापडलेलं नाही. हे मी मनात म्हटलं. तुम्हीही मनातच म्हणा.

"मग पुरुषांचं कोण बघणार?" असं कुणी विचारलं, तर त्याच्या हातातला चहाचा कप कुणी आणून दिला हे बोट करून दाखवू नका.

विषयात नेमकं असतं काय, हेही लोक विचारतात. त्यासाठी नाशिकचीच दोन उदाहरणं पाठ करून ठेवा. पाहुणे आले की आपण त्यांना पंचवटीत नेतो, सीता गुंफेत वाकायला लावतो आणि बाहेर आल्यावर अभिमानानं सांगतो की इथंच लक्ष्मणानं शूर्पणखेचं नाक कापलं, म्हणून नासिक. नऊ टेकड्यांवरून नाव पडलं असंही कुणी म्हणतात, पण ती गोष्ट पाहुण्यांना कुणी सांगत नाही. कापलेल्या नाकावर गाव वसलंय आणि आपल्याला त्यात काही अभ्यासासारखं दिसत नाही. दुसरं उदाहरण विजयानंद थिएटरचं. 21 डिसेंबर 1909, अनंत कान्हेरे, कलेक्टर जॅक्सन, हे शाळेतल्या पोरालाही येतं. गोल्फ क्लबच्या मैदानाला कान्हेऱ्यांचं नाव आहे, तिथं आपण सकाळी चालायला जातो. पण त्या रात्री स्टेजवर कुठलं नाटक चालू होतं? संगीत शारदा. विषय काय? पैशासाठी म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधली जाणारी कोवळी मुलगी. कुणी कुणाला मारलं हे इतिहासाच्या पेपरात येतं. त्या शारदेचं काय चाललं होतं, ते माझ्या पेपरात येतं. एवढाच फरक. पटलं नाही तरी मान हलवतील, कारण जॅक्सनचं नाव आलेलं असतं.

लायब्ररीत तुम्ही ताराबाई शिंदे मागणार. 1882 सालची बाई. सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या विधवेला मूल मारल्याबद्दल फाशीची शिक्षा झाली, वर्तमानपत्रं एकजात बायकांच्या चारित्र्यावर तुटून पडली, तेव्हा बुलढाण्याच्या या बाईचं डोकं फिरलं आणि तिनं 'स्त्री-पुरुष तुलना' लिहिली. ते चोपडं रेफरन्सच्या कुलपाच्या कपाटात आहे आणि किल्ली रजेवरच्या सरांकडे आहे. मोबाइलवर वाचा. रात्री वाचू नका, झोप लागत नाही.

शिकवायला कोण? मॅडम मराठीच्या आहेत, तासिका तत्त्वावर, सिन्नरहून एसटीनं येतात. मानधन कधी मिळतं ते विचारू नका, त्या हसतात. पुण्याला विद्यापीठात स्त्री अभ्यास केंद्र 1987 पासून आहे, तिथल्या नोट्स स्वतःच्या पैशांनी झेरॉक्स करून आणतात. मॅडमविरुद्ध या लेखात एक अक्षर नाही.

आता प्रोजेक्ट. इथं नीट लक्ष द्या.

आम्हाला वेळेचं सर्वेक्षण होतं. सरकारनं 2019 मध्ये देशभर केलं होतं तसंच, फक्त आमचं वीस घरांचं. कागदावर पहाटे 4 ते दुसऱ्या पहाटे 4, अर्ध्या अर्ध्या तासाचे 48 रकाने, घरातल्या प्रत्येकानं कधी काय केलं ते लिहायचं. 2019 चा सरकारी आकडा पाठच करा, पुढे उपयोगी पडतो: बिनपगारी घरकाम करणाऱ्या बाईची त्यात दिवसाला सरासरी 299 मिनिटं जात होती, पुरुषाची 97. आणि ही 97 सुद्धा जे करतात त्यांचीच. करणारे शंभरातले 26.

पहिलं घर इंदिरानगरचं. दार काकांनी उघडलं, सोफ्यावर बसवलं, "विचारा" म्हणाले. मी म्हटलं, काकूंशीही बोलायचंय. "ती काही करत नाही, घरीच असते. मी सांगतो ना." आतून कुकरची तिसरी शिट्टी. काका सांगू लागले, ती सहाला उठते. आतून आवाज आला, "साडेचार. पाणी साडेचारला येतं." काका म्हणाले, असेल. मग दहा ते बारा? "आराम." आतून काही आवाज आला नाही, काकूच बाहेर आल्या, माझ्यासाठी पोहे घेऊन. अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती. मी त्या रकान्यात काय लिहायला हवं होतं ते तुम्हीच सांगा. काकांच्या स्वतःच्या कागदावर 'बाजारहाट' होतं. आज? नाही, गेल्या रविवारी. लिहा ना, काय होतंय.

काकूंना मी हळूच विचारलं, दुपारी अडीचला काय करता? "टीव्ही बघते की." आणि हातात? "हातात काय, लसूण असतो. लसूण सोलणं म्हणजे काम थोडंच आहे?" मी दहा घरी हा प्रश्न विचारला. कुठे लसूण, कुठे मेथी, कुठे नातवाच्या गणवेशाचं बटण. सगळ्या टीव्ही बघत होत्या आणि एकही बाई नुसता टीव्ही बघत नव्हती. आणि सगळ्यांनी मला पटवून दिलं की त्या काही करत नाहीत. काकांचा राग आला नाही मला, काकांची सवय आहे. राग काकूंनी आणला. घरी येऊन बराच वेळ त्या रागाचं काय करावं ते कळेना, मग आईनं हाक मारली, भाजी निवडायची होती.

एक दिवस मैत्रिणीच्या गावी गेले, दिंडोरीकडे. द्राक्षांच्या डिपिंगचे दिवस. बायका सकाळी साडेसहाला पिकअपमध्ये उभ्या राहून येतात, मण्यांचे घड हातानं औषधात बुडवतात, विरळणी करतात, दिवसभर मान वर. बाईची हजेरी वेगळी, गड्याची वेगळी. समान कामाला समान वेतनाचा कायदा 1976 मध्येच झाला. तो सांगितल्यावर मुकादम म्हणाला, काम समान कुठंय, बाया हलकं काम करतात. हात वर करून आठ तास उभं राहणं हलकं. बरं. तिथल्या एका मावशीनं माझा कागद नीट बघितला, रकान्यांवरून बोट फिरवलं आणि विचारलं, "गाडीत उभ्या उभ्या डोळा लागतो, ते कुठं लिहायचं? प्रवासात का झोपंत?"

मला आलं नाही उत्तर. तुम्हाला येत असेल तर मायनर घेऊ नका, थेट शिकवायलाच या.

हे सर्वेक्षण स्वतःच्या घरी करू नये. बाबा अजून तोडकंच बोलतात.

तर अशी वीस घरं, दोन महिने, दहा स्लाइड्स. मॅडमनी विभागप्रमुख सरांना विनंती केली आणि 3 जानेवारीच्या सावित्रीबाईंच्या जयंतीच्या कार्यक्रमात आम्हाला दहा मिनिटं मिळाली. आता तुमच्या लक्षात येईल की साडी कशाला. आदल्या दिवशी ग्रुपवर मेसेज: 'जेंडर मायनरच्या सर्व मुलींनी जरीकाठी साडी, नथ, औक्षणाचं ताट घेऊन 10.30 ला गेटवर.' वर्गात दोन मुलगेही आहेत. त्यांना साउंड आणि पार्किंग. त्यातला एक म्हणाला, मी धरतो ना ताट. सर इतके हसले की त्यांना खोकला आला.

मी आईची पैठणी नेसले. येवल्याची, तिच्या लग्नातली. पेन ड्राइव्ह कनवटीला खोचला. इतिहासात वाचलेलं आठवत होतं की सावित्रीबाई शाळेत जाताना जास्तीचं लुगडं बरोबर न्यायच्या, लोक चिखल-शेण फेकत म्हणून. 1848 साल. आम्हालाही साडीच आणायला सांगितलेली, म्हणजे परंपरा पुढे चालू आहे.

प्रमुख पाहुण्यांची वेळ अकराची. साडेअकराला कळलं, साहेब द्वारका चौकातल्या ट्रॅफिकमध्ये अडकलेत. नाशिककरानं यापुढे काही विचारायचं नसतं. बारा. साडेबारा. वारा सुटला, निरांजनं विझायची, पुन्हा तेल, पुन्हा काडी. एका मैत्रिणीला चक्कर आली, तिला सावलीत बसवलं आणि तिचं ताट दुसरीच्या दुसऱ्या हातात दिलं, कारण ताटांची संख्या निमंत्रणपत्रिकेवरच्या मान्यवरांशी जुळायला हवी होती. बारा पन्नासला गाडी आली. ओवाळलं. साहेबांनी आमच्याकडे न बघता ताटात नोट टाकली. ओवाळणी. आम्ही त्यांच्या बहिणी लागतो, हे तोवर माहीत नव्हतं.

मग सूचना, अनुमोदन, परिचय. मंचावर चौदा जण, चौदा शाली, चौदा श्रीफळं, प्रत्येक शालीला फोटो, फोटो हलला म्हणून परत शाल. मग साहेब पन्नास मिनिटं बोलले. आमच्या घरी होम मिनिस्टरचंच चालतं, असं म्हणाले आणि सभागृह हसलं, जसं दरवर्षी हसतं. मुलींनी आकाशाला गवसणी घालावी म्हणाले, पण संस्कार विसरू नयेत. मुलांनी काय विसरू नये ते राहिलं. मी विंगेत पेन ड्राइव्ह मुठीत धरून उभी. आणि सूत्रसंचालक म्हणाला, "वेळेअभावी विद्यार्थिनींचं सादरीकरण आपण इथं रद्द करत आहोत, यानंतर आभार."

वेळेअभावी! वेळेच्या सर्वेक्षणाला वेळ नाही!

आणि खाली उतरले तर सर म्हणतात, "मुलींनो, पाहुण्यांची पानं घ्या जरा, पटकन."

बस झाला सल्ला. आता सरळ बोलते. सर, तुम्हाला दोन तास गाडीची वाट बघायला वेळ होता. तो वेळ आमचा होता, उन्हातला, म्हणून तो तुमच्या हिशेबात धरला गेला नाही. चौदा शालींना वेळ होता. पन्नास मिनिटांच्या होम मिनिस्टरला वेळ होता. दहा मिनिटं तेवढी नव्हती, त्या साडेचारला उठणाऱ्या काकूंसाठी आणि उभ्यानं झोपणाऱ्या मावशीसाठी. फोटो कुणाचा लावला होता ते तरी मागे वळून बघायचं होतं. आमच्या पदवीवर त्याच बाईचं नाव छापून येणार आहे, तुमच्या पगारपत्रकाच्या फाइलीवरही असेल. विषयाला स्कोप नाही म्हणता? स्कोप तुम्ही पुरवताय, रोज, फुकट. आणि हसणाऱ्या मित्रांनो, तुमचंही ऐका. त्या दिवशी रांगेत खुर्च्यांवर बसलेल्यांपैकी एकानं उठून "त्यांना बोलू द्या" म्हटलं असतं तर तुमचं काय गेलं असतं? जेवण थंड झालं असतं? ते आम्हीच वाढणार होतो. आणि मीसुद्धा. मीही माइक ओढून घेतला नाही. वाढलं. श्रीखंड दुसऱ्यांदा विचारलं सुद्धा.

निरांजनाचं तेल पैठणीच्या पदरावर सांडलंय. आई काही बोलली नाही. तिनं डागावर टाल्कम पावडर टाकली, वर टीपकागद, वरून कोमट इस्त्री, परत पावडर. शनिवारची दुपार, अडीच ते चार. समोर टीव्ही चालू होता. डाग गेला नाही. हे तीन रकाने मी रिकामे ठेवलेत, सर. काय लिहायचं ते तुम्हीच सांगा, आणि कृपा करून 'आराम' म्हणू नका.