स्पॉन्सरशिप विकत मिळत नाही

लातूर, परभणी, नांदेडकडच्या ग्रुपांवर एक मेसेज सारखा फिरतो. नंबर बदलतो, देशाचा झेंडा बदलतो, मजकूर तोच राहतो: "जर्मनी, इंग्लंड, कॅनडात हजारो जागा. दहावी, आयटीआय चालेल. भाषेची अट नाही. कंपनीच व्हिसा स्पॉन्सर करते. खर्च फक्त साडेचार लाख, निम्मे आधी, निम्मे व्हिसा आल्यावर. आधी व्हिजिटवर जा, तिथे वर्क परमिट करून मिळेल. फॅमिलीही नेता येते. शंभर टक्के गॅरंटी."

आयटीआय आणि नर्सिंग झालेली पोरं-पोरी माझ्याकडे कागद दाखवायला येतात. त्यामुळे या मेसेजपायी कुणाचं वावर गहाण पडलं, कुणाच्या आईचे दागिने गेले, हे मला माहीत आहे. म्हणून एकेक दावा घेतो.

आधी जे खरं आहे ते. जर्मनीला माणसं हवी आहेत. भारतातल्या कुशल कामगारांसाठी वर्षाला २०,००० व्हिसे दिले जायचे, ती संख्या ९०,००० पर्यंत नेणार असल्याचं जर्मन सरकारने २०२४ मध्ये जाहीर केलं. त्याच वर्षी महाराष्ट्र सरकारने जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेंबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला. एजंट याच बातमीचं कात्रण पुढे करतात. पण ती योजना सरकारची आहे. त्या कात्रणाच्या जोरावर कुणी खासगी माणूस लाखांची मागणी करत असेल, तर त्याचा त्या कराराशी संबंध नाही.

"कंपनी स्पॉन्सर करते, तुमचा खर्च साडेचार लाख." सगळी गोम इथे आहे. कंपनीने स्पॉन्सर करायचं म्हणजे तिने आपल्या सरकारकडे अर्ज करायचा, आपल्या खिशातून फी भरायची आणि या माणसाची गरज का आहे ते सांगायचं. कॅनडात बाहेरच्या कामगारासाठी मालकाला सहसा 'एलएमआयए' नावाची सरकारी मंजुरी लागते. तिची फी एका जागेला १,००० कॅनेडियन डॉलर आहे, ती मालकाने भरायची आणि कामगाराकडून वसूल करायची नाही, असा तिथला नियम आहे. म्हणजे आपल्याकडे जी 'एलएमआयए' पाच-दहा लाखांना विकली जाते, तिची विक्रीच बेकायदा आहे. इंग्लंडने ३१ डिसेंबर २०२४ पासून स्किल्ड वर्कर व्हिसासाठी, म्हणजे कुशल कामगारांच्या नोकरी व्हिसासाठी, कंपनीला लागणाऱ्या लायसन्सची आणि स्पॉन्सरशिप सर्टिफिकेटची फी कामगारावर टाकायला कंपन्यांना मनाई केली. दुबईच्या कायद्यातही भरतीचा खर्च मालकाचाच.

कामगाराच्या वाट्याला खर्च येतच नाही असं नाही. पासपोर्ट, मेडिकल, भाषेची परीक्षा, व्हिसाची फी, काही वेळा तिकीट हे आपलं असतं. जर्मनीच्या नोकरी व्हिसाची फी ७५ युरो, म्हणजे साधारण सात-आठ हजार रुपये. इंग्लंडचं प्रकरण महाग आहे, तिथे आरोग्य अधिभारच (तिथल्या सरकारी आरोग्यसेवेसाठी भरायची रक्कम) वर्षाला १,०३५ पौंड पडतो आणि कंपनीने उचलला नाही तर तो आपल्यालाच भरावा लागतो. पण हे पैसे सरकारी अर्जासोबत, आपल्या नावाच्या पावतीवर जातात. मोंढ्याजवळच्या एखाद्या ऑफिसात रोख मोजून द्यायचे नसतात.

एजंटची फी किती असावी, हेही ठरलेलं आहे. परदेशी नोकरीसाठी भरती करणाऱ्याला १९८३ च्या उत्प्रवास कायद्याखाली परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदणी करावी लागते. मोठ्या एजंटला त्यासाठी ५० लाखांची बँक गॅरंटी ठेवावी लागते. कामगाराकडून त्याला जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ३५,४०० रुपये घेता येतात, तेही पावती देऊन. साडेचार लाख आणि पस्तीस हजार यांत जे अंतर आहे, ते कशासाठी आहे हे त्याला विचारा.

ऊसतोडीत मुकादम उचल देतो आणि त्या पैशांत कुटुंबाला हंगामभर बांधून घेतो. इथे तर उचल मजुरानेच द्यायची, तीही सावकाराकडून काढून, आणि बांधलं जायचं तेही मजुरानेच. डोक्यावर तीन टक्के महिन्याचं व्याज असलेला पोरगा तिथे पगार अर्धा मिळाला तरी तोंड उघडत नाही. माझा खरा राग यावर आहे.

"स्पॉन्सरशिप सर्टिफिकेट हातात देऊ." परभणीच्या एका पोराने मला असं सर्टिफिकेट दाखवलं. जाड कागद, सोनेरी किनार, गोल शिक्का, वर इंग्लंडचा राजमुकुट. कंपनीचा ईमेल मात्र फुकटच्या जीमेलचा. पगार आठवड्याला ६५० पौंड, म्हणजे वर्षाला ३३,८०० पौंड. आता हे बघा: इंग्लंडचं स्पॉन्सरशिप सर्टिफिकेट कागदावर नसतंच. ती त्यांच्या सरकारी यंत्रणेतली ऑनलाइन नोंद असते, आणि उमेदवाराला मिळतो तो फक्त तिचा नंबर. पगाराची सर्वसाधारण किमान अट २२ जुलै २०२५ पासून ४१,७०० पौंडांवर गेली आहे. काही कामांना आणि उमेदवारांना सवलत आहे, पण गोदामातल्या मदतनिसाला ती लागू नाही, आणि त्या पोराच्या कागदावर पद तेच होतं. लायसन्स असलेल्या कंपन्यांची यादी इंग्लंडच्या सरकारी वेबसाइटवर कुणालाही फुकट बघता येते. आम्ही ती मोबाइलवरच उघडली. कंपनीचं नाव त्यात नव्हतं. दुसरा हप्ता द्यायचा बाकी होता, तो वाचला. पहिला गेलाच.

"शिक्षण, भाषा काही लागत नाही." इंग्लंडने २२ जुलै २०२५ पासूनच मोजके अपवाद सोडून पदवीच्या पातळीखालची कामं स्किल्ड वर्कर व्हिसातून काढली आणि केअर वर्करची परदेशातून भरती बंद केली. तरीही आपल्याकडे केअर वर्करच्या नावाने पैसे घेणं चालूच आहे. जर्मनीत बहुतेक कामांसाठी आपलं प्रमाणपत्र तिथल्या शिक्षणाशी ताडून बघितलं जातं. नर्सला पूर्ण मान्यता हवी असेल तर जर्मन भाषा साधारण बी-टू (सहा पायऱ्यांतली चौथी) पातळीपर्यंत यावी लागते. हा अभ्यास महिन्यांचा असतो, आठवड्यांचा नाही. आपल्या जीएनएम झालेल्या पोरी तो करू शकतात, करतातही. त्यांना "भाषेची गरज नाही" म्हणणारा माणूस त्यांची खरी संधीच हिरावतो.

"आधी व्हिजिटवर जा, मग बदलू." इंग्लंडमध्ये व्हिजिटर व्हिसावरून स्किल्ड वर्करवर जाता येत नाही, परत येऊन अर्ज करावा लागतो. कॅनडात कोरोनाकाळात अशी सवलत होती, ती २८ ऑगस्ट २०२४ ला बंद झाली. जर्मनीत नोकरी करायची तर भारतीयाने इथूनच नोकरीचा व्हिसा घेऊन जायचं. दुबईत व्हिजिटवरून बदल होतो हे खरं, पण तो होईपर्यंत काम करणं गुन्हा आहे. शिवाय दहावी न झालेल्यांच्या पासपोर्टवर ईसीआर असतो, म्हणजे आखातासारख्या ठराविक देशांत कामाला जाण्याआधी त्यांना सरकारी मंजुरी घ्यावी लागते. असा माणूस व्हिजिटवर आखातात गेला की सरकारी मंजुरी चुकते आणि त्यासोबत मिळणारा दहा लाखांचा प्रवासी भारतीय विमाही हुकतो. साइटवर काही झालं तर घरच्यांना दाखवायला कागद नाही.

कुटुंबाचं थोडक्यात: ते देश, व्हिसा आणि पदावर अवलंबून असतं. इंग्लंडने केअर वर्करना ११ मार्च २०२४ पासूनच कुटुंब आणायला बंदी केली आहे. आणि "शंभर टक्के गॅरंटी"? व्हिसा देतो तो त्या देशाच्या सरकारचा अधिकारी. व्हिसाचे अर्ज घेणारं व्हीएफएस कंपनीचं केंद्रसुद्धा फक्त कागद स्वीकारतं.

मग करायचं काय? परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट पोर्टलवर एजंटचं नाव टाका, नोंदणी चालू आहे का बघा. "मी मुंबईच्या लायसन्सवाल्याचा माणूस आहे" असं गावातला कुणी म्हणाला तरी त्याला पैसे देऊ नका, कारण सब-एजंटला कायद्यात जागा नाही. पैसे बँकेतूनच द्या, फोनवरचं बोलणं व्हॉट्सअॅपवर लिहून घ्या.

ज्यांचे पैसे आधीच गेलेत त्यांनी गावात नाव खराब होईल म्हणून गप्प बसू नये. ऑनलाइन दिले असतील तर त्याच दिवशी सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन करा, जितका उशीर तितकी रक्कम गोठवणं अवघड. पोलीस ठाण्यात भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली फसवणुकीची आणि विनानोंदणी भरतीबद्दल उत्प्रवास कायद्याखाली, अशा दोन्ही तक्रारी द्या. ई-मायग्रेटवरही नोंदवा. आणि एजंटने पासपोर्ट अडवून ठेवला असेल तर तो लगेच मागा. पासपोर्ट भारत सरकारच्या मालकीचा असतो, "बाकी रक्कम दे, मग देतो" म्हणण्याचा अधिकार कुठल्याही एजंटला नाही, आणि हेही तक्रारीत लिहा.