विमानात हार्ट अटॅक आला तर? त्या फॉरवर्डबद्दल खुलासा

सध्या ग्रुप्सवर एक मेसेज फिरतोय की अमेरिकेच्या विमानात कोणाला अटॅक आला तर आत काहीच सोय नसते, आणि डॉक्टरने मदत केली तर त्याच्यावरच केस होते. दोन्ही चुकीचं आहे.

तिथल्या एफएएच्या (विमान वाहतुकीवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेच्या) नियमाने २००४ पासून मोठ्या प्रवासी विमानांत हृदयाला शॉक देणारं एईडी मशीन आणि मेडिकल किट ठेवावंच लागतं, किटमधे अॅस्पिरिन, नायट्रोग्लिसरीन, अॅड्रेनलिन, सलाईन असतं, क्रूला सीपीआरचं (बंद पडलेल्या हृदयासाठी छाती दाबण्याचं) ट्रेनिंग असतं आणि बऱ्याच एअरलाईन्स जमिनीवरच्या डॉक्टरांशीही बोलतात. केसचं म्हणाल तर १९९८ च्या कायद्याने मदत करणाऱ्या डॉक्टर-नर्सला संरक्षण आहे, फक्त घोर निष्काळजीपणा सोडून.

न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमधे २०१३ ला विमानात प्रवासी आजारी पडल्याच्या ११,९२० घटनांचा अभ्यास आला होता, त्यात जवळपास निम्म्या वेळा प्रवासी डॉक्टरच मदतीला उठले होते, विमान वळवावं लागलं फक्त ७.३ टक्के वेळा. अशा मेसेजमुळे उद्या एखादा डॉक्टर उठलाच नाही तर? मला त्याचीच भीती वाटते.

म्हणून प्लीज तो मेसेज पुढे पाठवू नका, पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हे टाका. आणि आईबाबा मुलांकडे निघाले असतील तर त्यांची रोजची औषधं हँडबॅगमधेच ठेवा, चेक-इन बॅगेत नको.