घरकुल आमच्या पाड्यात, गवंडी मात्र बाहेरचा

मी वारली कुटुंबातला आहे. जव्हार तालुक्यातल्या एका आश्रमशाळेत दहावीपर्यंत शिकलो, आयटीआयमध्ये तारतंत्रीचा (वायरमनचा) दोन वर्षांचा अभ्यासक्रम पूर्ण केला आणि गेली 18 वर्षे शिल्पनिदेशक म्हणून हाच व्यवसाय शिकवतो आहे. आदिवासी तरुणांच्या कौशल्य प्रशिक्षणाचा विषय निघाला की जागा किती वाढल्या आणि प्रमाणपत्रे किती वाटली, यावरच बोलणे थांबते. मला त्याआधीचा एक प्रश्न विचारायचा आहे. आमच्या पाड्यांवर सरकारी पैशातून घरकुले बांधली जात आहेत, नळ येत आहेत, विजेचे खांब उभे राहत आहेत. मग या कामांवर आमची मुले शिकत का नाहीत?

गेल्या हिवाळ्यात मी एका कातकरी वाडीत गेलो होतो. महाराष्ट्रात कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड या 3 जमाती विशेष असुरक्षित गटात मोडतात. त्यांच्यासाठी 15 नोव्हेंबर 2023 रोजी पीएम-जनमन योजना सुरू झाली आणि तिच्यातून घरकुलामागे 2 लाख रुपये मिळतात. वाडीत पाच-सहा घरांच्या भिंती एकाच वेळी वर चढत होत्या. पैसे कुटुंबाच्या खात्यात आलेले असले, तरी काम एका ठेकेदाराला दिलेले होते आणि गवंडी त्याने तालुक्याबाहेरून आणले होते. ज्याच्या नावावर घर मंजूर झाले, त्याचाच एकवीस वर्षांचा मुलगा स्वतःच्या घराच्या बांधकामावर घमेली वाहत होता. ओळंबा कशासाठी सोडतात, विटांचे सांधे एकावर एक का येऊ देत नाहीत, हे त्याने मला न अडखळता सांगितले; भट्टीवर आणि बांधकामांवर राबताना त्याने ते बघून बघून उचललेले होते. मग तू भिंत का बांधत नाहीस, असे मी विचारले, तेव्हा तो म्हणाला, "दादा, थापी हातात दिली तर मीपण करीन. पण देतो कोण?"

त्याच्या या प्रश्नाचे उत्तर सरकारच्याच तरतुदींत आहे, याचे मला जास्त वाईट वाटते. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण भागात 45 दिवसांचे गवंडी प्रशिक्षण आहे आणि ते वर्गात बसवून देण्याऐवजी एखाद्या लाभार्थ्याचे खरेखुरे घर बांधता बांधता द्यायचे असते. कल्पना अतिशय चांगली आहे. पाया खणण्यापासून गिलाव्यापर्यंत सगळे काम एकदा हाताखालून गेले की माणूस पुढे पोट भरू शकतो. आमच्याकडे गवंड्याची रोजी बिगाऱ्याच्या दीडपट ते दुप्पट असते, म्हणजे थापी हातात येणे आणि न येणे यात एका कुटुंबाचे अख्खे वर्ष बदलते. मी पाहिलेल्या पाड्यांवर मात्र घरकुलांचे बांधकाम एकीकडे आणि प्रशिक्षण दुसरीकडे, असाच प्रकार दिसला. तालुक्याला एका संस्थेने तुकडी भरवली, तिथे एक भिंत बांधून ती पुन्हा पाडली, आणि त्याच आठवड्यांत पाड्यावरची खरी घरे बाहेरच्या माणसांनी उभी केली.

हे प्रशिक्षण पाड्यावरच व्हावे, असा माझा आग्रह आहे आणि त्यामागचे कारण आमच्या वर्षाच्या चक्रात आहे. पावसाळ्यात भात, नाचणी आणि वरईची शेती होते, आणि दिवाळी सरली की निम्म्याहून अधिक घरांना कुलूप लागते. लोक "जगायला" बाहेर पडतात; आमच्याकडे स्थलांतराला हाच शब्द आहे. भिवंडी, वसईच्या बाजूच्या वीटभट्ट्यांवर जाण्यासाठी पावसाळ्यातच उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, घेतलेली असते आणि ती फेडण्यासाठी घरातला प्रत्येक हात लागतो. अशा घरातल्या मुलाला तीन महिने तालुक्याला येऊन शीक असे सांगणे म्हणजे त्याच्या आईबापांना त्याच्या वाट्याचे कर्ज तसेच अंगावर ठेवायला सांगणे आहे. माझ्या वर्गातून दिवाळीनंतर नाहीसे झालेले विद्यार्थी मी दरवर्षी मोजतो. अभ्यास जमत नाही म्हणून गेलेला त्यांच्यात क्वचितच कोणी असतो. प्रशिक्षणाच्या काळात रोजी बुडणार नाही, याची सोय आधी हवी. 2023 मध्येच आलेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत पाच ते सात दिवसांच्या मूलभूत प्रशिक्षणासाठी दिवसाला 500 रुपये विद्यावेतन आणि अवजारांसाठी 15,000 रुपयांची मदत आहे. हे तत्त्व बरोबर आहे. तेच 45 दिवसांच्या कामाला आणि वर्षा-दोन वर्षांच्या अभ्यासक्रमांनाही लावले, तर वर्ग दिवाळीनंतर रिकामे होणार नाहीत.

भाषेबद्दल मला थोडे सविस्तर लिहायचे आहे, कारण ती अडचण बाहेरून दिसत नाही. मुलगा घरी वारली, कातकरी किंवा कोकणा जमातीची बोली बोलतो. शाळेतली मराठी हीच त्याची दुसरी भाषा असते. आयटीआयच्या कागदोपत्री फिटरला "जोडारी" आणि वेल्डरला "संधाता" म्हणतात. हे शब्द त्याने कधी ऐकलेले नसतात आणि पुढे कारखान्यात कोणी उच्चारणारही नसते, कारण तिथे हिंदीत मिसळलेली इंग्रजी चालते. म्हणजे एकाच पान्यासाठी, एकाच सांध्यासाठी त्याला तीन-तीन शब्द सांभाळावे लागतात. तो गप्प बसतो आणि आम्ही शिक्षक त्याला मंद ठरवतो. सुरुवातीच्या वर्षांत मीही ही चूक केली, हे मला मान्य करायला हवे. आता मी पहिला महिनाभर मुलांच्या बोलीत बोलतो, अवजाराचे कारखान्यातले नाव तेवढे पक्के करून घेतो, आणि त्यानंतर वायरचा सरळ सांधा मारायला दिला की हीच मुले वर्गात सर्वांच्या पुढे असतात.

ती पुढे असणारच, कारण त्यांचे हात लहानपणापासून तयार होत आलेले असतात. कोयत्याने एकसारख्या जाडीच्या कामट्या काढणे, इरले विणणे, कारवीचा कूड उभा करून तो लिंपणे, सागाच्या खांबाला आडवा वासा बसेल अशी खाच पाडणे, या सगळ्याला मोजमाप लागते. ते टेपने घेतलेले नसते, एवढेच. तरीही सरकारी नोंदीत या मुलाची गणना अकुशल मजुरात होते. आठवी उत्तीर्ण विद्यार्थ्याला वेल्डर आणि वायरमन यांसारख्या काही व्यवसायांत प्रवेश मिळतो, पण ही माहिती आश्रमशाळेतून आठवीनंतर गळालेल्या मुलापर्यंत पोहोचवायला पाड्यावर कोणी जात नाही.

मुलींचे तर अजून वेगळे. आयटीआयमध्ये मुलींसाठी 30 टक्के आरक्षण आहे, पण प्रवेशाच्या वेळी त्यांना शिवणकामाकडेच वळवले जाते. भट्टीवर विटा थापणारी आणि इमारतीवर त्याच विटा डोक्यावरून वर नेणारी बाई आमचीच असते. आयुष्यभर विटांशी वागलेल्या हाताला भिंत रचता येणार नाही, असे मानायला मला काहीही आधार दिसत नाही, आणि गवंडी प्रशिक्षणाच्या प्रत्येक तुकडीत निम्म्या मुली असाव्यात, असे मी ठामपणे म्हणतो.

शिकाऊ उमेदवारीचेही एक वाक्य. 2019 च्या नियमांनी विद्यावेतनाची किमान पातळी शिक्षणानुसार महिन्याला 5,000 ते 9,000 रुपये ठरवली. बोईसरच्या कारखान्यांत उमेदवारी करताना खोलीचे भाडे आणि खाणे भागवल्यावर त्यातून घरी पाठवायला काय उरते, हे तिथे राहिलेल्या मुलांना विचारावे.

पैसा कुठून आणायचा, असे मला नेहमी विचारले जाते. पेसा क्षेत्रातल्या, म्हणजे आदिवासी भागांतल्या ग्रामसभांना विशेष अधिकार देणारा कायदा जिथे लागू आहे तिथल्या, ग्रामपंचायतींना 2015 पासून आदिवासी उपयोजनेतला (आदिवासींसाठी राखलेल्या सरकारी निधीतला) 5 टक्के अबंध निधी थेट मिळतो आणि तो कशावर खर्च करायचा, हे ग्रामसभा ठरवते. आमच्या ग्रामपंचायतीत यंदा घरकुलांची नवी यादी लागली आहे. येत्या ग्रामसभेत मी ठराव मांडणार आहे की, या घरांसाठी दोन अनुभवी गवंडी ग्रामसभेने ठरवावेत, प्रत्येक गवंड्याच्या हाताखाली पाड्यातली चार मुले आणि चार मुली द्याव्यात, त्यांची 45 दिवसांची रोजी आणि थापी, ओळंबा, गुण्या, पाणसळ यांचा संच अबंध निधीतून द्यावा, आणि पायाचे काम दिवाळीपूर्वी सुरू व्हावे, म्हणजे उचल घ्यायची की घरी राहून शिकायचे, हे ठरवायला त्यांच्या घरच्यांना वेळ मिळेल. घरांतल्या विजेच्या जोडणीचे काम माझ्या विद्यार्थ्यांना घेऊन मी स्वतः शिकवीन. आमच्या भागातले जे गवंडी शिकवायला तयार असतील, त्यांनी मला कळवावे.