कापूस आला का रे?

सहा जणांचा गट. एक मुलगी रात्रभर जागून सगळं लिहिते, एक पोरगा मुखपृष्ठावर नावं टाकतो, उरलेले चौघं व्हॉट्सॲपवर अंगठा दाखवून झोपतात. मार्क सगळ्यांना सारखे. ऑनलाइन ग्रुप प्रोजेक्ट म्हणजे आपल्याकडे बहुतेक वेळा हेच.

ठाण्यात अकरावी-बारावीला इतिहास शिकवते मी. लॉकडाउनमध्ये मोठ्या हौसेने मुलांना ब्रेकआउट रूममध्ये, म्हणजे ऑनलाइन वर्गातच गटागटाच्या वेगळ्या खोल्यांत, पाठवायचे. आत डोकावलं की सहा काळ्या चौकटी आणि चिडीचूप! पोरं आळशी, म्हणून चिडायचे. खरं तर घोळ माझाच होता. एकट्याने उरकेल असं काम सहा जणांना दिलं, तर पाच जणांनी करायचं काय?

मग अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एलियट ॲरन्सन यांची जिगसॉ पद्धत वाचली. १९७१ साली अमेरिकेतल्या ऑस्टिन शहराच्या शाळांत गोरी, काळी आणि मेक्सिकन वंशाची मुलं नव्याने एका वर्गात आली होती आणि धुसफुस चालली होती. ॲरन्सननी धड्याचे तुकडे करून प्रत्येकाला एकच दिला. बाकीचा धडा हवा, तर शेजारच्याचं ऐकण्यावाचून गत्यंतर नाही.

मी विषय घेतला घरचाच, १६ एप्रिल १८५३ ची बोरीबंदर-ठाणे गाडी. गट चौघांचेच. एकाला रेल्वे कंपनी, एकाला नाना शंकरशेट, एकाला घाट, एकाला कापूस. आधी सगळ्या गटांतले 'घाट'वाले एका रूममध्ये, 'कापूस'वाले दुसऱ्या. तिथे आपला तुकडा पक्का करून मग आपापल्या गटात परत. प्रश्न एकच: जेमतेम ३४ किलोमीटर गाडी चालवून कंपनीला काय मिळणार होतं? घाटापलीकडचा कापूस बंदरात आणायचा होता, हे चारही तुकडे जुळल्याशिवाय नीट उलगडत नाही.

गूगल डॉक्समध्ये कुणी काय लिहिलं ते दिसतं, पण त्यावरून पोलिसगिरी करू नये असं माझं मत. मुलं मग मुद्दाम स्वल्पविराम टाकून हजेरी लावतात (अनुभव आहे!). निम्मे मार्क ज्याचे त्याला ठेवले, तेवढं पुरलं.

आणि सगळं लाइव्ह कशाला हवं? ठाण्याजवळच्या दिवा गावातल्या एका मुलाला फोन मिळायचा तो बाबा कामावरून आल्यावर. त्याच्यासाठी सगळ्यांनाच व्हॉइस मेसेजची मुभा दिली. एरवी हा कुणाच्या खिजगणतीत नसायचा. त्या दिवशी रात्री पावणेदहापासून ग्रुपवर तिघं त्याच्या मागे लागलेली: "अरे, कापूस आला का रे?"