खुलासा : श्वासाच्या समीकरणातून मरणाची तारीख निघत नाही

जळगाव-धुळ्याकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मजकूर फिरतोय. झोपेत श्वास वाढत जाऊन मग मंदावला आणि काही सेकंद थांबला, की माणूस चार दिवसांचा सोबती. कॅनडात म्हणे गणिताने तारीखही काढतात.

असा श्वास असतो, हे खरं. डब्लिनमधल्या जॉन चेन (१८१८) आणि विल्यम स्टोक्स (१८५४) या डॉक्टरांनी त्याचं वर्णन केलं. समीकरणही खरं आहे. मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातले मायकेल मॅकी आणि लिऑन ग्लास यांनी ते १९७७ मध्ये मांडलं. तारीख मात्र कुणीतरी पदरची घातलीय.

समीकरण सांगतं ते उशिराबद्दल. रक्तातल्या कार्बन डायऑक्साइडची खबर फुप्फुसाकडून मेंदूपर्यंत रक्तासोबतच जाते आणि तिच्यावरून मेंदू श्वास कमी-जास्त करतो. हृदय कमजोर असलं की ती उशिरा पोचते. गिरणेच्या कालव्याचं शेपूट कोरडं म्हणून गेट जास्त उघडावं आणि पाणी पोचेपर्यंत ते उघडंच राहावं, मग पूर, मग पुन्हा टंचाई, तसंच. उशीर किंवा मेंदूचा प्रतिसाद एका मर्यादेपलीकडे वाढला की स्थिर श्वास हेलकावे खाऊ लागतो. उंच डोंगरावर झोपलेल्या धडधाकट माणसातही हे दिसतं. ते काय सगळे मरतात?

तरी दुर्लक्ष नको. हृदयविकार किंवा पक्षाघातातही असा श्वास आढळतो. मोबाइलवर व्हिडिओ काढा आणि डॉक्टरांना दाखवा.