फरक दिसतो हो!

आमचा जुना कॉम्प्युटर घरघरत सुरू झाला की आतल्या खोलीतून बायको विचारायची, "विमान उतरलं का?" दोन वर्षं मी हे हसण्यावारी नेलं. मग एका रात्री गेममधलं एक दार उघडायला त्यानं इतका वेळ लावला की तेवढ्यात मी उठून घराच्या दाराला कडी लावून आलो. त्याच रात्री ठरवलं, ग्राफिक्स कार्ड, म्हणजे गेमची चित्रं रंगवणारा कॉम्प्युटरचा भाग, बदलायचं. एकच वस्तू. फक्त त्याआधी दोन-चार रिव्ह्यू वाचून घ्यावेत, म्हणजे फसायला नको.

ते वाचन अकरा महिने चाललं.

पहिली ठेच नावांपाशी लागली. मोठा आकडा म्हणजे मोठी वस्तू, अशी माझी साधी समजूत. चपलांना ती लागू पडते, बसच्या नंबरांना पडत नाही, आणि ग्राफिक्स कार्डं ही बसच्या नंबरांच्या जातीची निघाली. एनव्हिडिया कंपनीचं आरटीएक्स ४०६० हे ३०७०च्या नंतर आलेलं, पण बहुतेक गेममध्ये ३०७०च पुढे. पहिले दोन आकडे पिढी सांगतात आणि शेवटचे दोन त्या पिढीतली पायरी. हे डोक्यात बसेपर्यंत आकड्यांच्या शेपट्या सुरू झाल्या. टीआय, सुपर, आणि ४०७०ला तर दोन्ही एकदम, 'टीआय सुपर'. डॉक्टरांच्या दारावरची पाटी परवडली. एएमडी या दुसऱ्या कंपनीकडे एक्सटी, एक्सटीएक्स आणि जीआरई. जीआरई म्हणजे काहीतरी भारी तांत्रिक भानगड असणार म्हणून मी अर्धा तास खोदकाम केलं. निघालं काय, तर 'गोल्डन रॅबिट एडिशन'. २०२३ हे चिनी पंचांगातलं सशाचं वर्ष आणि ते कार्ड आधी तिथल्या बाजारात आलं, म्हणून सोनेरी ससा. अर्ध्या तासात ससा.

आणि गोंधळ फक्त आपलाच होतो असं नाही. २०२२च्या सप्टेंबरात एनव्हिडियानं दोन '४०८०' जाहीर केली, एक १६ जीबीचं आणि एक १२ जीबीचं. मेमरी कमी-जास्त असली तर एक वेळ ठीक, पण आतली चिपही वेगळी आणि अशक्त होती. एवढी बोंब झाली की ऑक्टोबरात कंपनीनं १२ जीबीवालं मुकाट्यानं मागे घेतलं आणि जानेवारी २०२३मध्ये तेच '४०७० टीआय' म्हणून परत आणलं. बारसं करून महिना व्हायच्या आत पाळण्यातून बाळ उचललं, आणि तीन महिन्यांनी दुसऱ्या नावानं परत ठेवलं.

नावं पाठ झाल्यावर रिव्ह्यूंमधले वेगाचे आलेख. आडव्या पट्ट्या, लांब ती चांगली. मी लांब पट्टी बघून पुढे जात असे. मग कोणीतरी लिहिलं होतं की कंपनीच्या स्वतःच्या आलेखात पट्टी शून्यापासून सुरू होते की नाही हे आधी बघा. बघितलं, तर काही पट्ट्यांचं बूडच कापलेलं. चार टक्क्यांचा फरक जिराफ आणि सशाएवढा दिसत होता. (परत ससा.)

प्रोसेसरच्या, म्हणजे कॉम्प्युटरच्या मुख्य चिपच्या, रिव्ह्यूंनी तर माझी झोप उडवली. ते लोक सगळ्यांत महागडं, ताकदवान ग्राफिक्स कार्ड लावतात आणि गेम मात्र १०८०पीवर, म्हणजे कमी ठिपक्यांच्या चित्रावर, चालवतात. एवढं कार्ड असलेला माणूस १०८०पीवर कशाला खेळेल? महिनाभर मी या लोकांना वेड्यात काढत होतो. मग उजेड पडला. रेझोल्यूशन, म्हणजे ठिपक्यांची संख्या, वाढवलं की सगळा भार ग्राफिक्स कार्डावर पडतो, सगळे प्रोसेसर त्याची वाट बघत बसतात आणि सारखेच दिसतात. कार्डाचं ओझं हलकं केलं तरच प्रोसेसर-प्रोसेसरमधला फरक उघडा पडतो. म्हणजे तो फरक खरा असतो, फक्त तुमच्या घरी तो दिसेलच असं नाही. हे वाक्य मी तेव्हा नीट वाचायला हवं होतं.

त्यातल्या त्यात मला 'वन पर्सेंट लो' हा आकडा फार आवडला. फ्रेम म्हणजे पडद्यावरचं एकेक चित्र. सेकंदाला ६० फ्रेम म्हणजे एका फ्रेमला साधारण १६.७ मिलिसेकंद. त्यात मधूनच एखादी फ्रेम शंभर मिलिसेकंद अडली, तर सरासरीच्या चेहऱ्यावरची रेघही हलत नाही, पण खेळणाऱ्याला खाडकन धक्का बसतो. म्हणून सगळ्यांत रखडलेल्या एक टक्का फ्रेमांचा हिशेब वेगळा मांडतात. तो मांडायची रीतही जो तो आपापली. हे शिकल्यापासून मी ऑफिसातसुद्धा कोणी सरासरी सांगितली की "आणि वन पर्सेंट लो?" असं विचारू लागलो. मला मीटिंगला बोलावणं हळूहळू कमी झालं.

गंमत बाजूला ठेवून सांगतो, हे रिव्ह्यू लिहिणाऱ्यांबद्दल मला मनापासून आदर आहे. एकच गेम, एकच रस्ता, तीच वळणं, पुन्हा पुन्हा चालवायची आणि आकडे टिपायचे. याला संयम लागतो. एनव्हिडियाचं जीटीएक्स ९७० हे २०१४ साली ४ जीबीचं कार्ड म्हणून आलं; त्यातला शेवटचा अर्धा जीबी बाकीच्यापेक्षा फारच संथ आहे हे २०१५च्या जानेवारीत उघडकीला आलं, ते अशाच चिकट मंडळींमुळे. प्रकरण कोर्टापर्यंत गेलं. मी त्यांच्या जागी असतो तर साडेतीन जीबीला बघून म्हटलं असतं, असेल काहीतरी.

पण हा आदर घरात वाटून घेणारं कोणी नव्हतं. नवं कार्ड आलं की कंपनी ते रिव्ह्यूवाल्यांना आधी देते आणि अमुक मिनिटाच्या आधी तोंड उघडायचं नाही असं बजावते. याला एम्बार्गो म्हणतात. तो उठला की सगळीकडे एकदम रिव्ह्यू फुटतात. अशा एका मिनिटासाठी मी मध्यरात्र उलटेपर्यंत जागलो आणि दुसऱ्या दिवशी लाल डोळ्यांनी बायकोला बातमी दिली.

"तीन टक्क्यांनी वेगवान निघालं."

"तीन टक्के म्हणजे किती?"

"समज शंभर फ्रेम येत असतील, तर एकशे तीन."

"दिसतात का त्या वरच्या तीन?"

"दिसतात म्हणजे... जाणवतात. सराव लागतो त्याला."

"आणि आत्ता आपल्याकडे किती येतात?"

"बावीस," मी म्हणालो.

ती उठून गेली. पण बावीसवरून एकशे तीनवर जायचं तर शंभरवर जाऊन कसं चालेल, हे तिला कोण सांगणार?

शिवाय प्रत्येक रिव्ह्यूच्या शेवटी एक खुंटी असतेच: पुढची पिढी येऊ घातली आहे, घाई नसेल तर थांबा. मला घाई नव्हती. प्रोसेसरमध्ये माझं मन एएमडीच्या एक्स३डी घराण्यावर जडलं होतं. २०२२च्या एप्रिलमध्ये ५८००एक्स३डी आला, २०२३च्या एप्रिलमध्ये ७८००एक्स३डी, २०२४च्या नोव्हेंबरात ९८००एक्स३डी. यात नेहमीच्या चिपवर ६४ एमबी कॅशचा, म्हणजे चिपच्या पोटातल्या झटपट मेमरीचा, एक जादा थर चिकटवलेला असतो, गेमला तो फार मानवतो. पहिल्या दोघांत हा थर कोअरच्या, म्हणजे हिशेब करणाऱ्या भागाच्या, डोक्यावर होता, त्यामुळे आतली उष्णता अडायची. तिसऱ्यात तो खाली नेला. म्हणजे डोक्यावरून घेतलेली घोंगडी काढून अंगाखाली अंथरली. हे मी इतक्या जणांना इतक्या वेळा समजावून सांगितलं, की मुलगी मला 'घोंगडीवाले बाबा' म्हणू लागली. एव्हाना एका कार्डाची यादी अख्ख्या कॉम्प्युटरची झाली होती, वर १६५ हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला १६५ वेळा चित्र बदलणारा, मॉनिटर. कार्ड बदललं तर प्रोसेसर कमी पडतो, प्रोसेसर बदलला तर बोर्ड (ज्यावर सगळं जोडतात तो), बोर्ड बदलला तर रॅम. पायजम्याच्या नाडीसाठी नवा वाडा.

शेवटी जुन्यानंच मान टाकली म्हणून खरेदी झाली. जोडणी घरी, स्वहस्ते. अकरा महिने वाचलं होतं ते कशासाठी?

केसची, म्हणजे कॉम्प्युटरच्या डब्याची, काचेची बाजू टाइल्सवर ठेवू नये, कडेला टणक टोक लागलं की टफन्ड काचेचा चुरा होतो, हे वाचलेलं. म्हणून ती पलंगावर ठेवली आणि त्या दिवशी पलंगाकडे कोणाला फिरकू दिलं नाही. प्रोसेसर बसवायच्या नव्या सॉकेटमध्ये पिना प्रोसेसरला नसून बोर्डावर असतात, एकूण १७१८, आणि एक जरी वाकली तरी पंचाईत. प्रोसेसर ठेवून दांडी दाबताना जो 'कर्रर्र' असा आवाज येतो, तो सगळ्यांच्याच बोर्डाचा येतो असं वाचलं होतं. वाचलेलं असूनही पोटात गोळा आला. मग थर्मल पेस्ट, प्रोसेसरची उष्णता वरच्या कूलरकडे नेणारा लेप. वाटाण्याएवढी मधोमध लावावी, फुली काढावी, की पट्टीनं सारवावी, यावर तीन पंथ आहेत. मी वाटाणापंथी. वाटाणा घालून, कूलर बसवून, चारी स्क्रू पिळल्यावर लक्षात आलं की कूलरच्या तळाचं प्लॅस्टिक काढायचं राहिलंय. त्यावर इंग्रजीत ठळक अक्षरांत तेच लिहिलं होतं. तीनही पंथ यावर गप्प आहेत.

पण खरी परीक्षा केसच्या दर्शनी बटणाच्या वायरींची. मुंगीएवढ्या अक्षरांत पॉवर, रीसेट, एलईडी लिहिलेली चिमुकली टोकं, आणि ती घालायच्या पिना केसच्या अगदी तळकोपऱ्यात. तोंडात टॉर्च, कपाळाला केसचा पत्रा, एका हातानं मॅन्युअल. मी तोंडातल्या टॉर्चसकट काहीतरी बोललो. मुलगी म्हणाली, "बाबा, तू मॅन्युअल उलटं धरलंयस."

एकदाचं बटण दाबलं. पंखे फिरले, दिवे लागले, पडदा काळा. बोर्डावर 'डीरॅम'पाशी, म्हणजे रॅमच्या नावानं, एक दिवा जळत होता. दोन मिनिटं थांबलो, बंद केला, रॅमच्या पट्ट्या काढून परत खटकन बसवल्या. पुन्हा काळा. पुन्हा दोन मिनिटं, पुन्हा बंद. तिसऱ्यांदा मी चष्मा काढून डोळे चोळत असताना बायको दारात येऊन म्हणाली, "अहो, सोडा ना त्याला जरा. विचार करत असेल."

मी तिच्याकडे ज्या नजरेनं बघितलं त्याची भरपाई अजून चालू आहे. कारण तो खरोखर विचार करत होता. डीडीआर५ रॅम नवी बसवली की पहिल्यांदा बोर्ड तिची चाचपणी करतो, कुठल्या वेळेला किती जोर लावला तर अक्षर नीट वाचता येतं ते जुळवत बसतो. मेमरी ट्रेनिंग म्हणतात. याला कित्येक मिनिटं लागू शकतात आणि तोवर पडदा काळाच असतो. मी दर दोन मिनिटांनी त्याची पाटी पुसत होतो आणि तो बिचारा परत 'श्रीगणेशा' करत होता. चौथ्यांदा मी वैतागून बाहेर गॅलरीत जाऊन उभा राहिलो आणि परत आलो तेव्हा पडद्यावर चित्र होतं. हे सगळं मी वाचलेलं होतं, बरं का. मार्च महिन्यात.

पुढचा आठवडा मी रात्री उठून कॉम्प्युटरचा वास घेत होतो. २०२२मध्ये आरटीएक्स ४०९०च्या नव्या १६ पिनांच्या पॉवर कनेक्टरची टोकं वितळल्याच्या बातम्या आल्या होत्या. तो शेवटपर्यंत नीट रुतला नसेल तर तापतो. मी माझा कनेक्टर दाबून बघायचो, टॉर्च मारून बघायचो, नाक लावून बघायचो. आठव्या रात्री मुलगी पाणी प्यायला उठली. तिनं आत वाकून पिना मोजल्या. आठ निघाल्या. माझ्या कार्डाला जुनाच, साधा ८ पिनांचा कनेक्टर होता.

असो. कॉम्प्युटर झकास चालला. विमान बंद झालं. मी ऑफिसात सांगत सुटलो की मॉनिटरचं खरं सुख १६५ हर्ट्झमध्ये आहे. फ्रेम सहा मिलिसेकंदांत बदलते, डोळ्याला रेशमासारखं वाटतं. "एकदा हे बघितलं ना, की साठवर परत जाणं अशक्य," असं मी तीन महिन्यांत निदान दहा जणांना सांगितलं असेल. त्यातल्या दोघांनी मॉनिटर बदललेसुद्धा.

परवा मुलगी माझ्या खुर्चीत बसली, माउस दोनदा इकडून तिकडे फिरवला आणि म्हणाली, "बाबा, हे साठवर आहे."

"शक्यच नाही."

तिनं सेटिंग उघडून दाखवलं. साठ. पहिल्या दिवसापासून साठ. तिनं यादीतून १६५ निवडलं, पडदा क्षणभर काळा होऊन परत आला. मी तिच्या हातातून माउस घेतला आणि पॉइंटर गोल गोल फिरवायला लागलो. मधोमध कसलीशी चौकट आली होती, तिला वळसा घालून फिरवत राहिलो.

"बघितलंस? पाण्यासारखं वाहतंय. हा फरक! आंधळ्यालाही कळेल."

"हो का?" ती त्या चौकटीकडेच बघत होती. पडदा पुन्हा एकदा लुकलुकला.

"आणि आता तर आणखीनच मऊ झालं."

"बाबा," ती म्हणाली, "ते 'ठेवायचं का' विचारत होतं. पंधरा सेकंदांत उत्तर दिलं नाहीस. परत साठ झालंय."