बहुतेक झाड

इंग्रजी सुधारायचं असेल तर इंग्रजी कादंबऱ्या वाचा, हा सल्ला देणाऱ्यांपैकी एकालाही मी कधी इंग्रजी कादंबरी वाचताना बघितलेलं नाही. सल्ला मात्र सगळे देतात. ऑफिसातला मॅनेजर, मुलीच्या क्लासचे सर, यूट्यूबवरचा तो टाय लावलेला माणूस. आणि वर म्हणे, अडलेला शब्द डिक्शनरीत बघायचा नाही, संदर्भाने अर्थ लावायचा, शब्द आपोआप डोक्यात बसतो.

आता पॉल नेशन म्हणून न्यूझीलंडचे एक भाषातज्ज्ञ आहेत, त्यांनी २००६ साली हिशोबच मांडलाय की कादंबरी कुणाच्या मदतीशिवाय समजायची तर तिच्यातले ९८ टक्के शब्द आधीच माहीत पाहिजेत, म्हणजे आठ-नऊ हजार शब्दांची कुळं (रन, रनर, रनिंग ही सगळी एकाच कुळातली). अठ्ठ्याण्णव टक्के! आमच्या शाळेत एवढे टक्के कुणाला पडल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. आणि समजा पडलेच, तरी पन्नासातला एक शब्द अडणारच, पानावर तीनशे शब्द धरले तर पानाला सहा खड्डे. त्यात आमची बॅच मराठी मीडियमची, सरकारने २००० साली पहिलीपासून इंग्रजी आणलं त्याच्या आधीची, आम्हाला एबीसीडीच पाचवीत भेटली, त्यामुळे आमच्या पानांवर रस्ता किती आणि खड्डे किती हे विचारू नये.

तरी सल्ला मानून एक इंग्रजी कादंबरी मी मुंबईत फाउंटनच्या फुटपाथवर जुनी पुस्तकं मिळतात तिथून घेतली. खुनाची आहे. इंग्लंडातलं एक खेडं, मोठा वाडा, हिंदुस्थानातून रिटायर होऊन आलेला एक कर्नल. मुलुंड ते सीएसएमटी स्लो लोकल पकडायची, बसायला मिळालं की वाचायची, असा प्लॅन. घरी येऊन उघडून बघतो तर आधीच्या मालकाने समासात बारीक पेन्सिलीने शब्दांचे अर्थ लिहून ठेवलेले, आणि तेही मराठीत! म्हटलं, चला, लॉटरी लागली.

पहिल्याच पानावर वाड्याकडे जाणारा रस्ता आणि दोन्ही बाजूंना लार्च. समासात लिहिलेलं, 'बहुतेक झाड'. पुढे हॉथॉर्न. 'हेही झाड'. मग लॅपविंग ओरडला, तिथे 'बहुतेक पक्षी'. मला आधी हसू आलं, की हा काय आळशी माणूस आहे, आपण नीट डिक्शनरी बघायची. मोबाइल काढला, विक्रोळी गेलं, घाटकोपरला अंगावर गर्दी आली, नेटवर्कचं चाक गोल गोल फिरतंय, आणि शेवटी अर्थ आला, एक प्रकारचा सूचिपर्णी वृक्ष. म्हणजे झाडच ना! लॅपविंग म्हणजे टिटवी. आता टिटवी समुद्र आटवते एवढं म्हणीमुळे माहितीये, पण समोर आणून ठेवली तर मी तिला ओळखणार आहे का? एवढी सगळी मेहनत करून मी 'बहुतेक पक्षी'वरून 'नक्की पक्षी'वर आलो, बाकी प्रगती शून्य. डिक्शनऱ्यांचं हे 'एक प्रकारचा' प्रकरण मला लहानपणापासून खटकतं. एक प्रकारचा मासा, एक प्रकारचं कापड, एक प्रकारचं वाद्य. पेन्सिलवाला निदान 'बहुतेक' म्हणतो, त्याच्याकडे प्रामाणिकपणा आहे.

चालण्याच्या बाबतीत तर त्याने कमालच केलीये. इंग्रजी कादंबरीत कुणी नुसतं चालत नाही. कर्नल स्ट्राइड करतो, त्याचा पुतण्या सॉन्टर करतो, माळी ट्रज करतो, आणि पाद्री ॲम्बल करतो. समासात ओळीने, 'चालला', 'चालला', 'चालला', 'हाही चालला'. मी मात्र चारही शब्दांचे वेगवेगळे अर्थ पाठ केले. सॉन्टर म्हणजे कसली घाई नसल्यासारखं रमतगमत चालणं. आता सकाळी नऊला दादरच्या पुलावर सॉन्टर करून दाखवा, मागचा माणूस तुम्हाला कोणत्या भाषेत काय म्हणतो तेही पाठ होऊन जाईल.

आणि मध्येच एका पानावर कर्नल हिंदुस्थानच्या आठवणी सांगत बसतो, त्यात मंगूज येतो. तिथे पेन्सिल चांगली दाबून लिहिलंय, 'आपला मुंगूस!' मी खात्री केली, खरंच इंग्रजीने तो मराठीतूनच उचललाय. अख्ख्या पुस्तकात तेवढ्या एका शब्दापुढे 'बहुतेक' नाही.

आमच्या डब्यात एक बँकेतले काका असतात. ते रोज विचारायचे, "काय, झाला का खून?" मी म्हणायचो, "नाही हो काका, अजून झाडंच चालू आहेत." मुलगी म्हणाली, "बाबा, किंडल घ्या, त्यात अवघड शब्दाच्या वरच बारीक अक्षरात सोपा अर्थ येतो." येत असेल, पण 'हाही चालला' येतं का त्यात?

शेवटी एकदाचा कर्नल मेला. स्टडीत, शेकोटीजवळ, डोक्यात घाव आणि बाजूला पोकर पडलेला. इथून पुढे समासातली झाडं, पक्षी एकदम बंद. लार्चचं जंगल आलं तरी पेन्सिल हलत नाही, कारण आता त्याला खुनी पाहिजे. फक्त पोकरचा माग त्याने सोडलेला नाही. 'पत्त्यांचा डाव. जुगारात भांडण?' पुढे इन्स्पेक्टर पोकरवरचे ठसे घ्यायला सांगतो, तर समासात 'पत्त्यांवर ठसे'. आणि खरं सांगतो, सगळं जुळतं! पुतण्या कर्जात बुडालेलाच असतो. संदर्भाने अर्थ लावायचा तो हाच. मग शेवटून दुसऱ्या प्रकरणात इन्स्पेक्टर तोच पोकर हातात घेऊन शेकोटीतले निखारे सारखे करतो, आणि तिथे कागदाला भोक पडेल इतक्या जोरात लिहिलंय, 'अरे सळई!!'

काकांना दाखवलं तर ते माझ्यावरच उखडले, "मग त्यात एवढं काय? आमच्याकडे गावाला बंबाला असायची की." खुनी कोण हे त्यांनी विचारलंही नाही.

परवा हाफ डे होता, तर मुद्दाम फाउंटनला गेलो. म्हटलं, या माणसाने रद्दीत काही एकच पुस्तक काढलं नसणार. ढिगातलं एकेक उघडून समास बघत बसलो. पुस्तकवाला बराच वेळ बघत होता, मग म्हणाला, "साब, सेकंड हँड है, थोडा लिखेला तो रहेगाच." म्हटलं, नाही नाही, मला लिहिलेलंच पाहिजे, पेन्सिलीने, मराठीत. त्याने मला खालपासून वरपर्यंत बघितलं, माझ्या हातातलं पुस्तक काढून घेतलं, एकदा चाळलं आणि म्हणाला, "लिखेला मंगता है तो तीस रुपया जास्ती."